दोन ओडब्ल्यूएसचे (ऑपरेटर स्टेशन, म्हणजे ऑपरेटर प्लांट बघतो तो पीसी) पैसे घेतले आणि बसवला एकच. स्काडा (प्लांट स्क्रीनवर दाखवणारं सॉफ्टवेअर) बदलायला काढलाय त्यांनी वाचा

आमचा सरकी आणि सोयाबीनचं तेल रसायनाने काढायचा सॉल्व्हंट प्लांट आहे, धुळे जिल्ह्यात. याच्यापेक्षा जास्त पत्ता देत नाही, शेठची तेवढी एकच अट आहे. मी तिथे इन्स्ट्रुमेंटचं बघतो. आम्हाला ज्याने गंडवलं त्याचंही नाव लिहिणार नाही कारण प्रकरण आता कागदावर चालू आहे, पण कसं गंडवलं ते सगळं लिहितो, कारण जळगाव-भुसावळकडे जिनिंग, डाळ मिल, ऑइल मिल अशा बऱ्याच ठिकाणी जुनं ऑटोमेशन काढून नवीन टाकायचं चाललंय आणि हा माणूस (आणि त्याच्यासारखे अजून) तिथे कोटेशन देत फिरतायत.

आमच्याकडे स्काडासाठी जुना विंडोज एक्सपीवाला पीसी होता. एक्सपीचा सपोर्ट २०१४ च्या एप्रिलमध्येच संपला पण पीसी बिचारा चालत होता म्हणून कोणी हात लावला नव्हता. मग एका सीझनला हार्ड डिस्क कुरकुरायला लागली आणि शेठ तयार झाले. पीएलसी (मशीन प्रत्यक्ष चालवणारा कंट्रोलर) तेच ठेवायचं, वर दोन नवीन ऑपरेटर स्टेशन, दोन्ही रिडंडंट, म्हणजे एक मेलं तर दुसऱ्यावर प्लांट दिसत राहिला पाहिजे. सॉल्व्हंटमध्ये हे चोचले नाहीत. आत हेक्झेन (तेल काढायचं रसायन) फिरतं, ते साधारण ६९ डिग्रीला उकळतं आणि हवेत सव्वा टक्क्याच्या आत मिसळलं तरी ठिणगीला पेट घेऊ शकतं. एक्स्ट्रॅक्टर, डीटी (पेंडीतलं हेक्झेन उडवणारं मशीन), कंडेन्सरचा व्हॅक्यूम, मिसेला (तेल-हेक्झेनचं मिश्रण) टँकची लेव्हल हे सगळं ऑपरेटरला डोळ्यासमोर लागतं.

तीन कोटेशन आले. त्यातला हा मूळचा खान्देशातलाच, आता पुण्यात बसलेला. पहिल्या मीटिंगलाच शेठशी अहिराणीत बोलायला लागला, कोणत्या गावाचा, कोणाचा कोण, सगळं निघालं. शेठ मला नंतर म्हणे, "आपला मानूस शे रे, हाऊ फसाडाव नही." (आपला माणूस आहे, हा फसवणार नाही.) हिवाळ्याचे दिवस होते, शेतावर भरीत-पुरीची पार्टीपण झाली त्याच्यासाठी. (भरीत चांगलं झालं होतं, ते खोटं नाही बोलणार.)

त्याचं कोटेशन सगळ्यात स्वस्त नव्हतं, मधलं होतं. मला वाटतं हेच त्याचं कौशल्य. सगळ्यात स्वस्तवाल्याला सगळे उलटसुलट तपासतात, मधल्याला कोणी तपासत नाही. पण कोटेशनमध्ये एक ओळ होती, "स्काडा सिस्टीम, दोन ओडब्ल्यूएस रिडंडंट, लायसन्ससहित, १ सेट" आणि पुढे एक आकडा, अकरा लाखांच्या वर. पीसी किती, सॉफ्टवेअरचं लायसन्स किती टॅगचं (टॅग म्हणजे स्काडात येणारा एकेक सिग्नल), रनटाइम (नुसतं चालवायचं) किती आणि डेव्हलपमेंट (बदल करायचं) किती, इंजिनिअरिंगची मजुरी किती, काही वेगळं नाही. मी वेगळं मागितलं तर म्हणाला साहेब टर्नकी (सगळं मिळून एकच) काम आहे, तुटक रेट काढला तर जीएसटीचा घोळ होतो. जीएसटीचा असा काही घोळ होत नाही, एका बिलात पाहिजे तेवढ्या ओळी टाकता येतात. पण शेठच्या अकाउंटंटलाही एकच ओळ बरी वाटली. आता कोणाला असं "१ सेट" लिहिलेलं कोटेशन आलं तर मी सरळ परत पाठवायला सांगतो, पीसीचा मेक-मॉडेल, सॉफ्टवेअरचं नाव-व्हर्जन-टॅग आणि लायसन्स कोणाच्या नावाने निघणार हे प्रत्येक ओळीत लिहून आणा म्हणून.

पेमेंट ४० टक्के ॲडव्हान्स, ५० टक्के एफएटी (माल पाठवायच्या आधी त्याच्याकडे जाऊन घ्यायची चाचणी) झाल्यावर माल निघायच्या आधी, १० टक्के कमिशनिंगनंतर, म्हणजे साइटवर चालू करून दिल्यावर. एफएटीला मी आणि आमचा एक शिफ्ट इंचार्ज पुण्याला गेलो. दोन चकचकीत टेबल, दोन मोठे मॉनिटर, ग्राफिक भारी काढलेले. रिडंडन्सी दाखवा म्हटलं तर त्याच्या पोराने डावीकडचा पीसी बटण दाबून बंद केला आणि उजवीकडचा चालूच राहिला, ट्रेंड (आकड्यांचा सरकता आलेख) चालू, अलार्म चालू. मग पुन्हा चालू करून स्विचची एक लॅन केबल काढून दाखवली, तरी चालू. आम्ही सही केली. दोन्ही वेळा बंद झाला तो डावीकडचाच होता. उजवीकडचा बंद करून बघायचा म्हणायच्या आत चहा आला, मग फाइल आली, मग त्याची गाडी स्टेशनला सोडायला तयार.

साइटवर बसवल्यावर अजून एक गोष्ट केली जी खरं म्हणजे बरोबर पद्धतच आहे. पीसी चालू झाला की ऑटो लॉगिन होऊन डायरेक्ट स्काडाचा स्क्रीन यायचा, टास्कबार नाही, डेस्कटॉप नाही, यूएसबी पोर्ट बंद, ऑपरेटरला बाहेर निघायचा रस्ताच नाही. नाइट शिफ्टला कोणी पेन ड्राइव्ह लावून पिक्चर बघू नये म्हणून हे सगळे चांगले लोक करतात. फक्त ॲडमिनचा पासवर्ड त्याने स्वतःकडे ठेवला, पीएलसीचापण, आणि बॅकअप म्हणून दिली ती फक्त रनटाइमची फोल्डर, म्हणजे त्यात आपल्याला एक टॅग वाढवायचा म्हटलं तर वाढत नाही. मागितलं की "फायनल डॉक्युमेंटेशनसोबत देतो भाऊ". ते फायनल काही आलं नाही.

मग मे महिना. आपल्याकडचा मे सांगायची गरज नाही, ४५ च्या वर पारा. कंट्रोल रूमचा एसी दुपारी बसला आणि संध्याकाळच्या शिफ्टला ऑपरेटरचा फोन, "साहेब, एक स्क्रीन काया हुई ग्या आनि दुसरावर इंग्रजीमा काहीतरी लिखेल शे." मी धावत गेलो तर उजवीकडच्याचा पॉवर सप्लाय उडालेला, आणि डावीकडे विंडोजची छोटी खिडकी, कनेक्शन तुटलं, पुन्हा जोडण्याचा प्रयत्न चालू आहे. स्काडाचा तर हा मेसेजच नव्हे, रिमोट डेस्कटॉपचा (एका पीसीवरून दुसऱ्याची स्क्रीन उघडायची विंडोजची सोय) आहे, हे तिथेच कळलं.

तसं घाबरायचं कारण नव्हतं, कारण पीएलसी आपलं चालत राहतं, इंटरलॉक (धोका दिसला की मशीन आपोआप थांबवणाऱ्या अटी) त्याच्यात असतात, स्क्रीन गेली म्हणून प्लांट सुटत नाही. आणि गॅस डिटेक्टरचा हूटर जुन्या पॅनलमधून थेट वायरने होता, तो मीच काढू दिला नव्हता. पण ऑपरेटर आंधळा झाला. फील्डच्या गेजवर माणसं उभी करून, वॉकीटॉकीवर आकडे घेत, फीड कमी करत करत हळूहळू प्लांट बंद केला. रात्रीचा अख्खा माल अडकला तो वेगळा.

दुसऱ्या दिवशी जळगावहून ओळखीचा एक पोरगा बोलावला, त्याने ॲडमिनचा पासवर्ड रीसेट करून आत घुसून दाखवलं. डावीकडच्या पीसीवर स्काडा इन्स्टॉलच नव्हता! पीसी चालू झाला की रिमोट डेस्कटॉपने उजवीकडच्या पीसीत दुसरं सेशन उघडायचं आणि फुल स्क्रीन करायचं, एवढाच त्याचा धंदा. साध्या विंडोजला एका वेळी एकच माणूस बसू देतात, म्हणून उजवीकडच्यात पॅच मारून दोन सेशन चालू केले होते. त्यामुळे दोन्हीकडे माउस वेगळा, पान वेगळं उघडता येतं, अगदी दोन स्टेशन असल्यासारखं. डावीकडचा पीसी बंद केला तर उजवीकडच्याला काय फरक पडणार आहे? एफएटीची सगळी गंमत ती होती.

उजवीकडच्यात अजून माल निघाला. डेस्कटॉपच्या कोपऱ्यात "टेस्ट मोड" लिहिलेलं, जे आम्हाला कधी दिसलंच नाही कारण डेस्कटॉपच दिसत नव्हता. टेस्ट मोड ठेवला होता सही नसलेला ड्रायव्हर चालवायला, आणि तो ड्रायव्हर होता लायसन्सच्या यूएसबी डोंगलची (लायसन्स खरं आहे हे दाखवायला पीसीला लावतात ती चावी) नक्कल करणारा. मागे एक डोंगल लावलेला होता दिसायला, तो काढला तरी स्काडा चालूच. विंडोज ११ देतो म्हणाला होता, निघाली १०, कारण पीसीचा प्रोसेसर इतका जुना की ११ अधिकृतपणे त्याच्यावर बसतच नाही. "इंडस्ट्रियल ग्रेड" असं स्टिकर लावलेला पीसी म्हणजे कुठल्या तरी ऑफिसमधून निघालेला जुना डबा होता, डिस्कचे चालू तास बघितले तर ३५ हजारांच्या वर, म्हणजे दिवसरात्र चार वर्षं चालून आमच्याकडे नवीन म्हणून आलेली. हे तास बघायला फुकटची छोटी सॉफ्टवेअर मिळतात, दोन मिनिटांचं काम आहे, माल उतरवतानाच बघायचं.

त्याला फोन केला तर आधी उडवाउडवी, मग एक पीडीएफ पाठवला लायसन्सचा म्हणून, आमच्या कंपनीच्या नावाचा. मी त्यावरचा सिरीयल नंबर सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीच्या सपोर्टला मेल केला. उत्तर आलं की हा नंबर तुमच्या नावावर नाही, दुसऱ्याच ग्राहकाच्या नावावर आहे आणि आपल्याकडे सांगितलं होतं त्याच्यापेक्षा कितीतरी कमी टॅगचा आहे. म्हणजे कुठल्यातरी जुन्या गिऱ्हाइकाचा कागद घेऊन नाव बदललं होतं. हा एक मेल टाकायला पैसे लागत नाहीत, शेवटचं पेमेंट सोडायच्या आधी टाकायचा.

आता खरी गंमत पुढे. आम्ही उरलेले १० टक्के थांबवले तर त्याने उलट नोटीस पाठवली, मी सूक्ष्म उद्योग आहे, उद्यमची (छोट्या उद्योगांची सरकारी) नोंदणी आहे, ४५ दिवसांत पैसे नाही दिले तर फॅसिलिटेशन कौन्सिलला (छोट्या उद्योगांच्या थकलेल्या पैशांचे वाद बघणारं मंडळ) जाईन, बँक रेटच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागेल. हा कायदा खरा आहे, २००६ चा, आणि छोट्या सप्लायरसाठी चांगलाच आहे. पण त्याच कायद्यात आहे की माल मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत घेतली तर ती दूर होईपर्यंत माल स्वीकारला असं धरत नाहीत. आमचं नशीब की माल उतरला त्या आठवड्यात मी पासवर्ड, बॅकअप आणि लायसन्स सर्टिफिकेट बाकी आहे असा मेल टाकून ठेवला होता आणि त्याने "लवकरच देतो" असं उत्तरही दिलं होतं. वकील म्हणाले हा मेल सोन्याचा आहे. व्हॉट्सॲपवर गोड गोड बोलत बसलो असतो तर हातात काही राहिलं नसतं.

शेठना आधी ग्राहक कोर्टात जायचं होतं पण धंद्यासाठी घेतलेल्या मालाला तिथे ग्राहक धरत नाहीत. तीन लाखांच्या वरचं व्यावसायिक भांडण कमर्शियल कोर्टात जातं आणि तातडीचा मनाई हुकूम नको असेल तर त्याच्या आधी मध्यस्थी करावी लागते, ती आता चालू आहे. सोबत फसवणुकीचा अर्ज पोलिसांत दिलाय, जुनं ४२० आता बीएनएसचं (भारतीय न्याय संहिता) ३१८ झालंय. ठाण्यातल्या साहेबांना रिमोट डेस्कटॉप समजवायला अर्धा दिवस गेला, शेवटी मोबाईलवर व्हिडिओ दाखवला, एक पीसी बंद केला की दुसरा जातो, मग ते म्हणाले हां म्हणजे एकच माल दोनदा विकला.

एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते ती सांगतो. चोरीचं सॉफ्टवेअर आपल्याला कोणी गळ्यात मारलं तोपर्यंत आपण फसलेले असतो, पण कळल्यावरही तेच चालवत राहिलो तर कॉपीराइट कायद्याच्या ६३ बी कलमात आपण येतो, माहीत असून वापरलं म्हणून, कमीत कमी सात दिवस ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख दंड आहे त्यात. त्याला हे पक्कं माहीत होतं. फोनवर तोच मला म्हणाला, "भाऊ तक्रार केली तर तुमचापण प्लांट अडचणीत येईल, गुपचूप एएमसी (वर्षाचा देखभालीचा करार) करून घ्या, मी नीट करून देतो." म्हणजे गळ्यात मारायचं आणि वर त्याच दोरीने बांधायचं. म्हणून आम्ही वकिलाच्या सल्ल्याने दोन्ही पीसी पंचासमोर सील केले, डिस्कची कॉपी काढून ठेवली, आणि कंपनीच्या अधिकृत वितरकाकडून डायरेक्ट आमच्या नावाने दोन रनटाइम आणि एक डेव्हलपमेंट लायसन्स घेतलं. पैसे पुन्हा गेले. पीएलसीचा पासवर्ड त्याने दिला नाहीच, जुना प्रोग्रॅम २०१६ सालच्या एका सीडीत सापडला तो पीएलसीत टाकला आणि इंटरलॉक एकेक करून सीझन बंद असताना तपासून घेतले.

आता नवीन सेटअपमध्ये दोन्ही पीसी आपापल्या केबलने सरळ पीएलसीशी बोलतात, हिस्टरी दोन्हीकडे लिहिली जाते, घड्याळ एकाच ठिकाणाहून मिळतं म्हणजे अलार्मची वेळ दोन्हीकडे सारखी येते. सोर्स फाइल, पासवर्ड, लायसन्सचं पत्र हे सगळं शेठच्या तिजोरीत आहे, त्याची एक प्रत माझ्याकडे.

परवा चोपड्याकडच्या एका जिनिंगवाल्याचा फोन आला होता, त्याला त्याच माणसाने कोटेशन दिलंय, तेच "१ सेट". ज्यांच्याकडे त्याचं किंवा तसलं काम आधीच झालंय त्यांनी प्लांट बंद असताना (चालू असताना अजिबात नको, आणि शिफ्ट इंचार्जला सांगून) आधी एक पीसी मागच्या स्विचने बंद करा, दुसऱ्यावर ट्रेंड हलतोय का बघा, नुसती स्क्रीन दिसतेय का ते नाही. मग तो चालू होऊ द्या आणि दुसरा बंद करून तेच बघा. त्यानंतर लायसन्सचा डोंगल असेल तर तो काढा. डोंगल काढल्यावर चांगलं सॉफ्टवेअर थोड्या वेळात तक्रार करतं किंवा डेमोमध्ये जातं. काहीच म्हणालं नाही तर बिलावरचा सिरीयल नंबर त्याच दिवशी कंपनीला मेल करा, ज्याने बसवलं त्याला फोन करायच्या आधी.