एक्स्टेंशन ट्यूब, मॅन्युअल फ्लॅश आणि सलाईनचा सेट: दिवाळीपासून आतापर्यंतचा अनुभव

पहिलेच सांगून टाकतो, घरी पाण्याच्या थेंबांचे फोटो आणि मॅक्रो, म्हणजे अगदी जवळून मोठे करून काढलेले फोटो, करायचं मनात असेल तर मॅक्रो लेन्सच्या मागे लागू नका, आधी फ्लॅश घ्या. दिवाळीनंतर नागपूरच्या बर्डीच्या बाजारातून मी हा सगळा जुगाड जमवला, तेव्हापासून जवळपास दर आठवड्याला वापरतो आहे, हिवाळा झाला, संत्र्यांचा सिझन झाला, आता मे चालू आहे, म्हणून आता लिहायला हरकत नाही.

माझ्याकडे काय आहे ते आधी. जुनी कॅनन 700डी, त्यावर 50 एमएम एफ/1.8 एसटीएम, तीन एक्स्टेंशन ट्यूबचा सेट 12, 20 आणि 36 एमएमचा, एक साधा मॅन्युअल फ्लॅश, तो बिनतारी उडवणारा रेडिओ ट्रिगर आणि थेंब सोडायला मेडिकलमधून आणलेला सलाईनचा सेट. ट्यूबमध्ये काच नसते, ती नुसती पोकळ नळी आहे, लेन्स सेन्सरपासून लांब सरकवते आणि त्यामुळे जवळचं फोकस होते. वस्तू सेन्सरवर किती पट मोठी उमटते याचा हिशोब सोपा आहे, ट्यूबची लांबी भागिले लेन्सची फोकल लेंग्थ. तिन्ही लावल्या तर 68 भागिले 50 म्हणजे 1.36, त्यात लेन्सचं स्वतःचं 0.21 मिळवा, म्हणजे दीडपटीच्या वर जाते. इतकं तर नेहमीची 1:1 वाली मॅक्रो लेन्सही देत नाही. घेताना एवढंच बघा की ट्यूबला आतून कॉन्टॅक्ट पिना आहेत, बिनपिनांची स्वस्त मिळते पण कॅननच्या लेन्सचं अ‍ॅपर्चर, म्हणजे उजेड आत घेणारं छिद्र, बॉडीतूनच चालते, पिना नसल्या की ते उघडंच राहते आणि एफ/1.8 वर मॅक्रो म्हणजे काहीच शार्प नाही.

पण तिन्ही ट्यूब लावून थेंबाचे फोटो काढता येत नाहीत हे कोणी सांगत नाही. विषय लेन्सच्या पार तोंडाशी येतो, फ्लॅशचा उजेड आत शिरायला जागा राहत नाही आणि उडालेलं पाणी थेट काचेवर. थेंबासाठी मी फक्त 12 ची लावतो, फ्रेममध्ये साधारण पाच सेंटीमीटर रुंदी येते, थेंब आपटल्यावर उडणाऱ्या पाण्याचा अख्खा मुकुट बसतो आणि लेन्स पुरेशी लांब राहते. समोर यूव्ही फिल्टर लावाच.

आता फ्लॅशचं. थेंब 40 सेंटीमीटरवरून सोडला तर पाण्यावर आपटताना त्याचा वेग सेकंदाला सुमारे 2.8 मीटर असतो. 700डीचा फ्लॅश सिंक, म्हणजे फ्लॅशसोबत चालणारा सगळ्यात जलद शटर, 1/200 सेकंदाचा, तेवढ्या वेळात थेंब 14 मिलिमीटर खाली जातो, म्हणजे शटरच्या भरवशावर नुसती रेघ येणार. पण फ्लॅशची पॉवर 1/64 किंवा 1/128 वर आणली की त्याचा लखलखाट फार छोटा होतो, अशा फ्लॅशमध्ये साधारण 1/20000 सेकंदाच्या आसपास, आणि तेवढ्यात थेंब 0.14 मिलिमीटरच सरकतो. खोलीत अंधार ठेवायचा, शटर नुसतं उघडायचं आणि थेंब थांबवायचं काम फ्लॅशला करू द्यायचं. पॉवर वाढवली की उजेड वाढतो पण लखलखाटही लांबतो आणि थेंबाच्या कडा पुसट होतात, म्हणून उजेड कमी पडला तर फ्लॅश जवळ आणा किंवा आयएसओ, म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता, वाढवा, पॉवरला हात लावू नका. माझं नेहमीचं सेटिंग एफ/11, आयएसओ 400, फ्लॅश ट्रेच्या मागे वीतभर अंतरावर आणि मध्ये दुधी अ‍ॅक्रिलिकची शीट. थेंबावर सरळ उजेड मारला तर नुसता पांढरा ठिपका चमकतो, मागून आला की थेंबाच्या आत रंग भरतो. शीटवर निळा-केशरी जिलेटिन पेपर लावला की झालं. एक सावधगिरी, कॅननच्या काही नंतरच्या एंट्री लेव्हल बॉडींच्या हॉटशूवर, म्हणजे फ्लॅश बसवायच्या वरच्या खाचेत, मधली पिन नाही, त्यावर असे साधे ट्रिगर आणि फ्लॅश चालत नाहीत, घ्यायच्या आधी आपली बॉडी बघून घ्या.

सलाईनचा सेट हा या सगळ्यातला सगळ्यात स्वस्त आणि मला सगळ्यात आवडलेला भाग. मेडिकलवाल्याने विचारलं, "भाऊ, पेशंट कोण आहे?" फोटोसाठी पाहिजे म्हटल्यावर त्यानेच मोठ्यांचा आणि लहान मुलांचा दोन्ही सेट काढून दाखवले. मोठ्यांच्या सेटमधून एक मिलिलिटरचे साधारण 20 थेंब पडतात, लहान मुलांच्या मायक्रो सेटमधून 60. मोठे थेंब घ्या, मुकुट भरदार येतो. चाकाने वेग बारीक करता येतो, थेंब दर वेळी त्याच जागी पडतो आणि फोकसचं कामच सोपं होते. थेंब पडतो तिथे ट्रेवर आडवा स्क्रू ठेवायचा, त्याच्या आट्यांवर मॅन्युअल फोकस करायचा आणि स्क्रू काढून घ्यायचा. वरून पंखा बंद पाहिजे, नाहीतर थेंब इकडे-तिकडे.

मुकुट पाहिजे असेल तर ट्रेमध्ये पाण्याचा नुसता पातळ थर ठेवा, खोल भांड्यात वर उसळणारा खांब येतो. हा खांब ज्याच्या नावाने ओळखला जातो तो आर्थर वर्दिंग्टन हा इंग्रज शास्त्रज्ञ एकोणिसाव्या शतकात विजेच्या ठिणगीच्या उजेडात थेंब डोळ्यांनी बघून चित्रं काढायचा, फोटो नंतर आले. आणि एमआयटीच्या हॅरोल्ड एजर्टनचा दुधाच्या थेंबाचा लाल पार्श्वभूमीवरचा मुकुट 1957 चा आहे. हे वाचल्यापासून मी दुधावर जास्त काम करतो, दुधात कडा स्पष्ट दिसतात, वरच्या टोकाला सुटणारे मणी वेगळे मोजता येतात. पाण्यात थोडं ग्लिसरीन टाकलं तर आकार जाड आणि गुळगुळीत येतात. पाणी आरओचंच घ्या, नळाच्या पाण्याचे डाग काळ्या अ‍ॅक्रिलिकवर वाळले की घासून निघत नाहीत.

एका थेंबाने उसळलेल्या खांबावर दुसरा थेंब आपटून छत्री तयार होते ना, ती सलाईनच्या सेटवर कधीकधीच मिळते. दोन थेंबांमधलं अंतर सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आसपास असावं लागते, ते चाक फिरवून नशिबानेच जमते. तीच पाहिजे असेल तर विजेवर उघडझाप करणारा सोलेनॉइड व्हॉल्व्ह आणि त्याची वेळ सांभाळायला आर्डुइनो हा छोटा कंट्रोलर बोर्ड लागेल. मला अजून त्याची गरज वाटली नाही, एका थेंबातच इतकं बघायला आहे.

संत्र्यावर वेगळं लिहायला पाहिजे. मृग बहाराची, म्हणजे पावसाच्या सुरुवातीच्या फुलोऱ्याची, संत्री फेब्रुवारी-मार्चला आली तेव्हा तिन्ही ट्यूब लावून सालाचे फोटो काढले. सालावरचे ते बारीक खड्डे जवळून बघितले तर प्रत्येकाखाली तेलाची गोल पिशवी असते, कडेने तिरपा उजेड दिला की ती आतून पिवळी पेटल्यासारखी दिसते. मग साल वाकवून दाबली, मागून फ्लॅश आणि पाठीमागे काळं मखमल, तेलाचे तुषार सुईसारखे सरळ उडताना सापडले, प्रत्येक पिशवीतून वेगळी धार. मी संत्री खात मोठा झालो पण हे कधी दिसलं नव्हतं, आईला स्क्रीनवर मोठं करून दाखवलं तर ती म्हणाली, "अरे, म्हणूनच डोळ्यात उडते का ते!" एक लक्षात ठेवा, या तेलाने थर्माकोल विरघळतो, रिफ्लेक्टर म्हणून थर्माकोल वापरत असाल तर दूर ठेवा, आणि ज्योतीजवळ तर हा प्रकार अजिबात नको, तेल पेट घेते.

दीडपटीवर डेप्थ ऑफ फील्ड, म्हणजे फोकसमध्ये राहणारी खोली, एफ/11 ला अर्धा मिलिमीटरही धड मिळत नाही. एफ/16 वर गेलात तर ट्यूबमुळे खरं अ‍ॅपर्चर एफ/40 सारखं होते आणि सगळाच फोटो मऊ पडतो. म्हणून स्थिर गोष्टींना मी एफ/8 वर कॅमेरा बारीक-बारीक सरकवून बरेच फ्रेम काढतो आणि कॉम्प्युटरवर स्टॅक करतो, म्हणजे सगळ्यांचे शार्प भाग एका फोटोत जोडतो.

तक्रार आहे ती ट्यूबच्या प्लास्टिक माउंटची. 36 वालीला काही महिन्यांतच ढिलेपणा आला, बॉडीवर किंचित हलते, मध्येच कॉन्टॅक्ट सुटून एरर येते. 50 एमएम हलकी आहे म्हणून निभते, जड झूम त्यावर लटकवायची माझी हिंमत नाही. थोडे जास्त देऊन मेटल माउंटवाला घ्या. फ्लॅश मात्र एकदम चोख आहे, दर वेळी तेवढाच उजेड देतो, आणि 1/128 वर सेल संपता संपत नाहीत.

सध्या नागपुरात दुपारी पंखा-कूलर बंद करून बसणं शक्य नाही, कूलरच्या हवेने पाण्यावर सतत लहरी येतात. त्यामुळे मेमध्ये थेंब रात्री उशिरा, तेही कूलर दहा मिनिटं बंद ठेवून. दिवसा गवताच्या काडीवर ग्लिसरीनचा थेंब ठेवून मागे जरबेरा धरतो, थेंब लेन्सचं काम करतो आणि आत अख्खं फूल उलटं दिसते, ग्लिसरीन असल्याने उन्हाळ्यातही वाळत नाही. पावसाळा लागला की ट्यूब आणि लेन्स हवाबंद डब्यात सिलिका जेल टाकून ठेवणार, आपल्याकडे जुलै-ऑगस्टला काचेवर बुरशी धरायला वेळ लागत नाही.

बजेट दोन वस्तूंचंच असेल तर फ्लॅश आणि ट्रिगर घ्या, ट्यूब नंतर. बिनट्यूबची 50 एमएम जवळात जवळ फोकस करून फोटो क्रॉप केला तरी दुधाचा मुकुट छान येतो.