घर, नोकरी की हॉटेल: नकार कुठे मिळाला त्यावर ठरतं दाद कुठे मागायची

सगळ्या खासगी व्यवहारांना लागू पडेल असा एकच भेदभावविरोधी कायदा आपल्याकडे नाही. त्यामुळे जात, धर्म, अपंगत्व अशा कारणावरून नकार मिळाला तर "केस होते का?" याचं उत्तर नाकारलं कुणी आणि कशावरून, यावर अवलंबून.

हॉटेल-दुकानात बाजू सगळ्यात भक्कम. राज्यघटनेचं कलम 15(2) दुकानं, उपाहारगृहं, हॉटेलं यांचा नाव घेऊन उल्लेख करतं, मालक खासगी असला तरी. पण नुसत्या कलमावर गुन्हा दाखल होत नाही. जातीवरून अडवलं असेल तर दोन कायदे हाताशी आहेत. 1955 च्या नागरी हक्क संरक्षण कायद्यात एक ते सहा महिने कैद आणि 100 ते 500 रुपये दंड. एवढ्यात आज दोघांचं जेवणही होत नाही. तरी तो टाकाऊ नाही. तक्रारदार अनुसूचित जातीचा असेल तर कृत्य अस्पृश्यतेपोटीच झालं असं कोर्ट धरून चालतं, उलट सिद्ध करणं आरोपीच्या गळ्यात. 1989 च्या अ‍ॅट्रॉसिटी कायद्यात सहा महिने ते पाच वर्षं, आणि एफआयआरआधी प्राथमिक चौकशीची अट नाही. मी आधी अ‍ॅट्रॉसिटीच लावायला सांगेन. आरोपी स्वतः अनुसूचित जाती-जमातीचा असेल तर मात्र तो लागत नाही, तिथे 1955 चाच कामी येतो.

खासगी नोकरीत चित्र विस्कळीत. दिव्यांगांसाठीच्या 2016 च्या कायद्याने खासगी आस्थापनांनाही समान संधी धोरण ठेवावं लागतं. पण नोकरीत भेदभाव करू नये हे त्यातलं थेट कलम सरकारी आस्थापनांपुरतंच. म्हणून कंपनीकडे आधी ते धोरण लेखी मागा, मग पुण्याच्या दिव्यांग आयुक्तालयात जा. धर्मावरून मुलाखतीत डावललं, तर खासगी कंपनीविरुद्ध थेट हत्यार जवळपास नाहीच.

खरी गोची घराची. "फॅमिली व्हेज आहे ना?" हा एजंटचा प्रश्न मुंबई-पुण्यात कुणाला नवा नाही. धर्म किंवा मांसाहारावरून भाड्याने घर नाकारणाऱ्या मालकाला रोखणारा थेट कायदा नाही. गंमत म्हणजे एचआयव्हीबाधितांसाठी 2017 च्या आणि तृतीयपंथीयांसाठी 2019 च्या कायद्यात घर भाड्याने घेण्यातल्या भेदभावालाही स्पष्ट मनाई आहे.

विकत घेणाऱ्याचं तसं नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 च्या कलम 23 नुसार पात्र माणसाला सोसायटी पुरेशा कारणाशिवाय सभासदत्व नाकारू शकत नाही. तीन महिन्यांत निर्णय कळवला नाही, तर सभासद झाल्याचंच मानलं जातं. मात्र उपविधी, म्हणजे सोसायटीचे स्वतःचे नियम, आधी वाचा. अहमदाबादच्या पारशी सोसायटीने सभासदत्व फक्त पारशांपुरतं ठेवलं होतं, ते सर्वोच्च न्यायालयाने 2005 मध्ये वैध ठरवलं. अर्ज दिलात की पोच घ्या, तारखेसकट. सहकारी संस्थांच्या निबंधकाकडे अपील करायची वेळ आली तर पहिला कागद तोच मागतील.