आजीचं भरतकाम: फ्रेम करावी की पेटीत जपावं?

रुखवतातला मॅटीवरचा मोर, क्रोशाचा रुमाल, पणजीच्या लुगड्यांची वाकळ. घर बदलताना हे गाठोडं सुटतं आणि प्रश्न पडतो: भिंतीवर लावायचं की ठेवून द्यायचं? उत्तर कापडाइतकंच घरावरही ठरतं. माण-खटावच्या कोरड्या हवेत निवांत राहणारी फ्रेम महाबळेश्वर-पाटणच्या पावसाळ्यात बुरशी धरते.

फ्रेमचा मोठा गुण म्हणजे काम रोज डोळ्यांसमोर राहतं आणि त्यावर धूळ बसत नाही. दीड-दोन फुटांपर्यंतच्या हलक्या कापडाला ती शोभते. पण नेहमीच्या पद्धतीत कापड हार्डबोर्डवर गोंदाने चिकटवतात आणि वर काच दाबून बसवतात. गोंद पुढे पिवळा, कडक होतो आणि कापड फाटल्याशिवाय निघत नाही. हार्डबोर्डमधल्या आम्लाने कापड तपकिरी पडतं. काच टेकली असेल तिथे दमट हवेचं पाणी धरतं आणि बुरशीचे ठिपके उठतात.

म्हणून फ्रेमवाल्याकडून आम्लमुक्त बोर्ड मागून घ्या. त्यावर धुतलेलं, कांजी नसलेलं पांढरं सुती कापड ताणून बसवा आणि भरतकाम त्या कापडाला कडेने, साधारण सेंटीमीटरभर अंतरावर, बारीक सुती टाक्यांनी शिवा. काच आणि काम यांत 5-6 मिमी जाडीची पट्टी हवीच. मागे खालच्या दोन कोपऱ्यांना रबराच्या गुट्ट्या लावल्या की भिंतीमागे हवा खेळते. जागा आतल्या भिंतीवर, ऊन न येणारी. बाथरूमला लागून असलेली किंवा पावसाची झड खाणारी भिंत नकोच. लच्छीचा रंग उन्हाने एकदा उडाला की परत येत नाही.

पेटीत उजेडाचा त्रास नाही, खर्च कमी आणि मोठं कामही मावतं. वाकळ आणि क्रोशा तिथेच बरे. टांगले तर स्वतःच्या वजनाने क्रोशा लोंबतो आणि वाकळीचा धावदोरा तुटतो. पेटीचा खरा शत्रू घडी. वर्षानुवर्षं एकाच रेषेवर मोडलेलं कापड तिथेच विरतं. भरतकाम मलमल गुंडाळलेल्या पुठ्ठ्याच्या नळीवर, भरलेली बाजू बाहेर ठेवून गुंडाळा. वाकळीला सैल घड्या घाला, प्रत्येक मोडीत जुन्या चादरीची वळकटी ठेवा आणि दर दिवाळीला मोड बदला. त्या वेळी सावलीत दिवसभर वारं द्या.

लोखंडी पेटीला आतून सुती अस्तर लावा आणि टाचण्या काढा, नाहीतर गंजाचे डाग पडतात. प्लास्टिकची पिशवी नको, आत ओल कोंडते. ठेवण्याआधी कांजी धुऊन काढा, कारण पिठूळ कापडाला कसर, म्हणजे कापड खाणारी कीड, लवकर लागते. मात्र आधी मागच्या बाजूने प्रत्येक रंगावर ओला कापूस मिनिटभर दाबून पाहा. कापसावर रंग उतरला, तर धुवायचं नाही. कसर लागलीच असेल, तर कोरडं कापड पॉलिथिनमध्ये हवाबंद करून उणे 18 अंशांच्या डीप फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी दिवसभर उघडू नका, नाहीतर गार कापडावर दव धरेल.

सांगलीत नदीकाठी राहणाऱ्यांसाठी एक गोष्ट इतर सगळ्यांआधी येते. 2005, 2019 आणि 2021 मध्ये कृष्णेचं पाणी घरांत शिरलं. अशा घरात खाटेखालची पेटी सर्वांत आधी बुडते, म्हणून ती माळ्यावर किंवा वरच्या मजल्यावर हवी.

आमचा कल स्पष्ट आहे: मोर आतल्या भिंतीवर, वाकळ आणि क्रोशा पेटीत. दोन्हीकडे करणारीचं नाव मात्र राहू द्या. या कामांवर सही नसते आणि दोन पिढ्यांत ‘कुणीतरी केलेलं’ एवढंच उरतं. सुती फितीवर पेन्सिलने नाव, गाव, साल लिहून ती मागच्या कोपऱ्यात दोन टाक्यांनी अडकवा. फ्रेम करण्याआधी उलट्या बाजूचा नीट फोटो काढून ठेवा. दोरा कुठून कुठे नेला, गाठ कशी लपवली, हे तिथेच दिसतं, आणि तो टाका शिकू पाहणाऱ्या नातीला नेमकं तेच लागतं.