पीएच.डी. प्रवेश ते व्हायवा : नव्या नियमांत पदवी कशी मिळते आणि कुठे अडते

राज्यातल्या विद्यापीठांत आज पीएच.डी.चा प्रवेश होतो तो यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, 7 नोव्हेंबर 2022 च्या नियमावलीनुसार. पुणे, मुंबई, कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर, प्रत्येकाचं परिपत्रक वेगळं आणि पोर्टलही वेगळं, पण सांगाडा तोच. अर्जापासून पदवीपर्यंतची ही सगळी सेवा तपासली तर आमचं मत असं : नियम पूर्वीपेक्षा सुटसुटीत झालेत आणि बऱ्याच बाबतींत उमेदवाराच्या बाजूचे आहेत. गाडी अडते ती दोन ठिकाणी, गाइडकडच्या, म्हणजे संशोधन मार्गदर्शकाकडच्या, रिकाम्या जागेपाशी आणि प्रबंध जमा केल्यानंतर. हे आधीच ठाऊक असेल तर निदान एक वर्ष तरी वाचतं.

पात्रतेचं आधी उरकून घेऊ. तीन वर्षांच्या पदवीनंतर दोन वर्षांचं पदव्युत्तर, किंवा चार वर्षांच्या पदवीनंतर एक वर्षाचं पदव्युत्तर, आणि त्यात किमान 55 टक्के. अनुसूचित जाती, जमाती, नॉन-क्रीमीलेअर ओबीसी, दिव्यांग आणि आर्थिक दुर्बल घटकांना 5 टक्के सवलत. चार वर्षांची पदवी झालेल्याला एम.ए., एम.एस्सी. न करताही थेट अर्ज करता येतो, मात्र त्यासाठी 75 टक्के हवेत. तिथंही सवलत 5 टक्क्यांचीच. एम.फिल. आता कुठेच सुरू करता येत नाही, जुन्यांचं एम.फिल. मात्र ग्राह्य धरतात.

घोळ होतो तो कागदांत. मार्कशीटवर फक्त सीजीपीए असेल तर स्वतःच्या विद्यापीठाचं टक्केवारीत रूपांतर केलेलं प्रमाणपत्र आधीच काढून ठेवा. इंटरनेटवरच्या कॅल्क्युलेटरचा प्रिंटआउट कोणी धरत नाही. 54.9 म्हणजे 55 नव्हे. नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेच्या माहितीपत्रकात तर टक्केवारी पुढच्या अंकावर नेता येणार नाही, असं स्पष्टच लिहिलेलं असतं. नॉन-क्रीमीलेअरच्या दाखल्याची मुदत 31 मार्चला संपते, आणि कागद तपासणी एप्रिलनंतर असली की अर्जाच्या वेळी चालणारा दाखला तपासणीच्या टेबलावर बाद होतो. लग्नानंतर नाव बदललेलं असेल तर राजपत्राची प्रत फाइलमध्ये हवीच, नाहीतर मार्कशीट एका नावाची आणि आधार दुसऱ्या नावाचं, यातच अर्ज लटकतो.

आता प्रवेश परीक्षा. जून 2024 च्या नेटपासून निकाल तीन गटांत लागतो. पहिला गट जेआरएफचा, म्हणजे संशोधन अधिछात्रवृत्ती मिळणाऱ्यांचा, दुसरा सहायक प्राध्यापकपद आणि पीएच.डी. या दोन्हींसाठी पात्र, तिसरा फक्त पीएच.डी.साठी. जेआरएफवाल्यांचा प्रवेश मुलाखतीवर होतो. बाकी दोन गटांत नेटच्या गुणांना 70 टक्के आणि मुलाखतीला 30 टक्के वजन. हे गुण पीएच.डी. प्रवेशासाठी एकच वर्ष चालतात, ही गोष्ट खूप जणांच्या नजरेतून सुटते. तिसऱ्या गटातला निकाल प्राध्यापकाच्या नोकरीसाठी उपयोगी नाही, हेही आधी नीट समजून घ्या. विद्यापीठ स्वतःची पीएच.डी. प्रवेश परीक्षा, म्हणजे पेट, घेत असेल तर निम्मा पेपर संशोधन पद्धतीचा, निम्मा विषयाचा, आणि पात्र व्हायला 50 टक्के गुण. आरक्षित गटांना इथंही 5 टक्के सूट. सेट ही राज्यस्तरीय पात्रता परीक्षा उत्तीर्ण असाल तर पेटमधून सूट मिळते का, हे त्या वर्षीच्या परिपत्रकातच बघा, गेल्या वर्षीच्यावर विसंबू नका.

मुलाखतीला फक्त 30 टक्के, असं म्हणून तिकडे दुर्लक्ष करणं महागात पडतं. एकाला परीक्षेत 70 टक्के, त्याचे झाले 49, मुलाखतीत 55, त्याचे साडेसोळा, एकूण 65.5. दुसरीला परीक्षेत 62 टक्के, म्हणजे 43.4, मुलाखतीत 80, म्हणजे 24, एकूण 67.4. परीक्षेत आठ टक्क्यांनी मागे असलेली उमेदवार यादीत वर गेली. मुलाखतीत बहुतेक वेळ जातो तो एकाच प्रश्नावर : काय शोधायचंय आणि त्यासाठीची माहिती कुठून आणणार? याचं उत्तर दोन मिनिटांत, कागद न बघता देता यायला हवं.

गाइडचा मुद्दा सगळ्यांत महत्त्वाचा. प्राध्यापकाकडे एका वेळी जास्तीत जास्त 8 विद्यार्थी, सहयोगी प्राध्यापकाकडे 6, सहायक प्राध्यापकाकडे 4. परदेशी विद्यार्थ्यांसाठी प्रत्येकी दोन जागा यापलीकडे मिळू शकतात. एखाद्या विभागात 2 प्राध्यापक, 3 सहयोगी आणि 4 सहायक असतील तर कागदावर 50 जागा दिसतात. त्यातून आधीपासून नोंदणी असलेले वजा करा. निवृत्तीला तीन वर्षांपेक्षा कमी उरलेल्यांना नवे विद्यार्थी घेता येत नाहीत, ते वजा करा. सहायक प्राध्यापकाला स्वतःची पीएच.डी. आणि किमान तीन शोधनिबंध लागतात, वरच्या दोन पदांना पाच. ही अट पूर्ण नसलेले वजा करा. मग जे उरतं ती खरी जागा, आणि ती बऱ्याचदा एका हाताच्या बोटांवर मोजता येते. त्यातही आरक्षणाचा बिंदू असतो, म्हणजे जागा कोणत्या प्रवर्गाची हे ठरलेलं असतं. म्हणून अर्ज भरायच्या आधीच विद्यापीठाच्या संकेतस्थळावरची मान्यताप्राप्त गाइड आणि संशोधन केंद्रांची यादी उघडा, विभागात फोन करा आणि सरळ विचारा : सरांकडे या वर्षी जागा आहे का, कोणत्या प्रवर्गाची, निवृत्ती कधी? असं विचारण्यात कसलाही उद्धटपणा नाही. चांगले गाइड याचं उत्तर स्वच्छ देतात, आणि जे टाळाटाळ करतात त्यांच्याकडे पुढची सहा वर्षं कशी जातील याचा अंदाज तिथंच येतो.

महाविद्यालयातल्या केंद्राचा विचार करत असाल तर त्या केंद्राची मान्यता तुमच्याच विषयात आणि चालू वर्षापर्यंत आहे, याची खात्री करा. दारावरची पाटी हा पुरावा नव्हे. ‘घरबसल्या पीएच.डी.’ असं सांगणाऱ्यांपासून तर चार हात लांबच राहा. ऑनलाइन किंवा दूरशिक्षणाने पीएच.डी. देता येत नाही, हे नियमावलीत स्पष्ट आहे. नियम धाब्यावर बसवल्यामुळे जानेवारी 2025 मध्ये यूजीसीने राजस्थानातल्या तीन खासगी विद्यापीठांचे पीएच.डी. प्रवेश पाच वर्षांसाठी बंद केले. तिथं पैसे आणि वर्षं घालवलेल्यांचं नुकसान कोण भरून देणार?

नोकरी सांभाळून अर्धवेळ करता येतं, ही या नियमावलीची मोठी सोय. शिक्षक, बँकेतले, सरकारी कर्मचारी यांनी कार्यालयाचं ना-हरकत पत्र आणताना मजकूर नीट बघावा. त्यात तीन गोष्टी हव्यात : अर्धवेळ अभ्यासाला परवानगी आहे, कामाच्या स्वरूपामुळे संशोधनाला पुरेसा वेळ मिळेल, आणि गरज पडल्यास कोर्सवर्कसाठी कामातून मोकळं केलं जाईल. ‘आमची हरकत नाही’ एवढ्या एका ओळीचं पत्र परत येतं.

मग विषय. संशोधन मान्यता समितीपुढे, म्हणजे आरआरसीत, सादरीकरणाला मिळतात जेमतेम दहा-पंधरा मिनिटं, आणि आराखडे परत जातात ते बहुधा शीर्षकावरूनच. ‘महाराष्ट्रातील सहकारी चळवळ : एक चिकित्सक अभ्यास’ असं शीर्षक घेऊन गेलं की पहिला प्रश्न ठरलेला : कुठला जिल्हा, कुठला काळ, कुठल्या संस्था? तेच ‘अहिल्यानगर जिल्ह्यातील प्राथमिक कृषी पतसंस्थांची कर्जवसुली : 2010 ते 2020’ असं केलं की जागा, काळ, संस्था आणि मोजायची गोष्ट, चारही ठरतात, आणि माहिती कुठून आणायची तेही कळतं : संस्थांचे लेखापरीक्षण अहवाल, जिल्हा उपनिबंधकांचं कार्यालय, जिल्हा बँक. शीर्षक मंजूर झालं की मान्यतापत्रावरचा शब्द अन् शब्द तपासा. ‘पतसंस्था’चं ‘पतपेढी’ झालेलं असेल तर त्याच आठवड्यात लेखी दुरुस्ती मागा. प्रबंधाच्या मुखपृष्ठावरचं शीर्षक या पत्राशी जुळलं नाही तर चार-पाच वर्षांनी प्रबंध जमा करतानाच्या खिडकीवरून परत फिरावं लागतं, आणि शीर्षकबदलाचा प्रस्ताव पुन्हा समितीच्या पुढच्या बैठकीची वाट बघतो.

कोर्सवर्क 12 ते 16 क्रेडिटचं. 15 तासांचा एक क्रेडिट धरला तर किमान 180 तास. त्यात संशोधन आणि प्रकाशन नीतीचा 2 क्रेडिटचा पेपर सक्तीचा. उत्तीर्ण व्हायला 55 टक्के. हा भाग विद्यापीठागणिक फार वर-खाली आहे : कुठे आकडेवारीचं सॉफ्टवेअर हातात देऊन शिकवतात, कुठे नोट्स वाचून दाखवतात. सांख्यिकी कच्ची असेल तर इथंच पक्की करून घ्या; पुढे डेटा गोळा झाल्यावर नमुना कमी पडल्याचं लक्षात येणं फार जिवावर येतं.

मुदतीचा हिशेब सोपा आहे. कोर्सवर्क धरून किमान तीन वर्षं, कमाल सहा. त्यापुढे फेरनोंदणी करून जास्तीत जास्त दोन, म्हणजे एकूण आठ. महिला आणि 40 टक्क्यांहून जास्त दिव्यांगत्व असलेल्यांना आणखी दोन, म्हणजे दहापर्यंत. प्रसूती आणि बालसंगोपनासाठी पूर्ण काळात 240 दिवसांची रजा. लग्नामुळे किंवा अन्य कारणाने गाव बदललं तर महिला विद्यार्थ्यांना दुसऱ्या संस्थेत संशोधन हलवता येतं. ही तरतूद विभागांना माहीतच नसते, त्यामुळे नियमावलीची प्रत सोबत न्या. बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या अधिछात्रवृत्तीसाठी नोंदणी पक्की झाल्याचं पत्र मागतात, तेव्हा ते पत्र हातात पडताच तारीख बघा. मुदत आणि पैसे दोन्ही त्या तारखेला बांधलेले आहेत. यूजीसीची जेआरएफ 1 जानेवारी 2023 पासून महिना 37,000 आहे, पुढच्या टप्प्यात एसआरएफ, म्हणजे वरिष्ठ अधिछात्रवृत्ती, 42,000, घरभाडं वेगळं.

दर सहामाहीला संशोधन सल्लागार समितीपुढे प्रगती मांडायची असते. अनेक जण गाइडची सही घेऊन अहवाल देतात आणि समितीची बैठक कागदावरच होते. असं करू नका. बैठकीच्या नोंदीच पुढे वाद झाला तर तुमच्या कामी येतात.

2016 च्या नियमात प्रबंधाआधी एक शोधनिबंध आणि परिषदांत दोन सादरीकरणं सक्तीची होती. 2022 ला ती सक्ती गेली, आणि हे फार बरं झालं. त्या सक्तीवर पैसे घेऊन छापणाऱ्या नियतकालिकांची दुकानं चालत होती. विद्यापीठाने स्वतःची अट ठेवली असेल तर ती मात्र पाळावी लागते. फेब्रुवारी 2025 पासून यूजीसीची मान्य नियतकालिकांची केअर यादीही बंद झाली, तेव्हा ‘केअर लिस्टेड, आठ दिवसांत प्रकाशन’ असे व्हॉट्सअपवरचे निरोप सरळ पुसून टाका.

साम्य तपासणीचा, म्हणजे प्रबंधातला मजकूर दुसरीकडच्या लेखनाशी किती जुळतो हे बघण्याचा, 2018 चा नियम : 10 टक्क्यांपर्यंत चालतं. 10 ते 40 मध्ये सहा महिन्यांच्या आत सुधारून द्यायचं, 40 ते 60 मध्ये एक वर्ष बंदी, 60 च्या वर नोंदणी रद्द. संदर्भसूची, ऋणनिर्देश, अनुक्रमणिका आणि श्रेय देऊन घेतलेली अवतरणं यातून वगळायची असतात. तुमच्या अहवालात ती वगळली आहेत का, हे ग्रंथालयात बसून बघा. 19 टक्के दिसणारा अहवाल निव्वळ संदर्भसूची न वगळल्यामुळे तसा असू शकतो. मराठी प्रबंध जुन्या फाँटमध्ये टाइप केलेला असेल तर सॉफ्टवेअरला अक्षरंच वाचता येत नाहीत. पहिल्या दिवसापासून युनिकोड वापरा.

शेवटचा टप्पा सगळ्यांत खिळखिळा. खुलं पूर्वसादरीकरण, मग प्रबंध, मग गाइडशिवाय किमान दोन बाहेरचे परीक्षक. एकाने नाकारला तर तो मंजूर यादीतल्या दुसऱ्या परीक्षकाकडे जातो. त्यानेही नाकारला तर प्रबंध बाद. जमा केल्यापासून सहा महिन्यांत सगळं उरकावं असं नियम सांगतो, पण वर्ष उलटलेली प्रकरणं कमी नाहीत. बहुतेकदा कारण क्षुल्लक असतं : परीक्षकांच्या यादीतला ईमेल जुना, परीक्षक निवृत्त झालेले, किंवा संमतीच न घेतलेली. यादी गाइडच देतात, तेव्हा ती जाण्याआधी प्रत्येकाचं सध्याचं पद आणि पत्ता तपासून घ्यायची विनंती गाइडना करा. नावं तुम्ही सुचवायची नाहीत आणि परीक्षकांशी संपर्कही करायचा नाही. जमा केल्यानंतर चौकशी महिन्यातून एकदा, लेखी, आवक क्रमांकासह.

व्हायवा, म्हणजे तोंडी परीक्षा, झाला की तात्पुरतं प्रमाणपत्र मागून घ्या, आणि पदवी 2022 च्या नियमावलीनुसार दिली जात असल्याचा उल्लेख त्यावर आहे ना, हे खिडकीवरून हलायच्या आधी वाचा. नोकरीच्या छाननीत पहिल्यांदा तीच ओळ शोधतात.