पगार कुणालाच विचारला नाही

माझ्या धाकट्या बहिणीला 2019 साली बंगळूरच्या एका कॉलेजात बीपीटीला, म्हणजे फिजिओथेरपीच्या डिग्रीला घातलं. कॉलेज बोगस नव्हतं. डिग्री खरी, शिकवणंही बरं. म्हणून लोक मलाच उलट विचारतात, "मग फसलात कुठं?"

एजंट आमच्याच, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातला. परका असता तर बाबांनी दारात उभा केला नसता. हा चुलीजवळ बसून भाकरी खाऊन गेला. "काका, तुमची लेक म्हणजे माझी बहीणच," म्हणत त्याने माहितीपत्रकाच्या पाठीवर पेनाने लिहून दिलं: सुरुवातीचा पगार 40,000, दुबईला गेली तर दीड लाख. खाली दोन रेघा मारल्या. तो कागद अजून माझ्याकडे आहे. सही मात्र कुठेच नाही.

मी बेळगावच्या उद्यमबागेत कारखान्यात लेथवर काम करतो. मापात केसभर फरक पडला तरी जॉब, म्हणजे यंत्रावर केलेला भाग, बाजूला काढतो. पण त्या 40,000 ला माप लावायचं मला सुचलं नाही. कारखान्यातून सायकलने दहा मिनिटांवर दोन फिजिओथेरपी क्लिनिक आहेत. तिथल्या पोरींना "ताई, हातात किती पडतात?" एवढं विचारलं असतं तरी पुरलं असतं.

कर्ज काढताना पुढची मेख. "तारण लागणार नाही, बँकेचा मॅनेजर माझा माणूस," म्हणून एजंटने फाइलचे 15,000 रोख घेतले. साडेसात लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला तारण न घेण्याची सोय बँकांच्या योजनेतच असते आणि अर्ज सरकारच्या विद्यालक्ष्मी पोर्टलवर स्वतःला भरता येतो, हे मला पुढं कळलं. जे आम्हाला तसंच मिळणार होतं, ते त्याने आम्हाला विकलं. वर कॉलेजकडून कमिशन घेतलं ते वेगळंच.

आता हिशेब. दरवर्षी दीड लाख, चार वर्षांत 6 लाख उचलले. व्याज 11 टक्के. कोर्स साडेचार वर्षांचा, शेवटचे सहा महिने इंटर्नशिप. त्यावर एक वर्ष हप्त्याची सवलत. सवलत म्हणजे व्याज थांबतं, अशी आमची समजूत. ते थांबत नाही. पहिल्या दीड लाखावर साडेपाच वर्षांचं, दुसऱ्यावर साडेचार वर्षांचं, असं करत 2 लाख 64 हजार व्याज चढलं. 2025 च्या सुरुवातीला हप्ता सुरू झाला तेव्हा डोक्यावर 8 लाख 64 हजार होते. दहा वर्षांसाठी महिना साधारण 11,900.

बेळगावात तिला पहिला पगार मिळाला 13,000.

दुबईचं विचाराल तर तिकडे आधी अनुभव लागतो, वर तिथली परवान्याची परीक्षा. हे दोन्ही त्या कागदावर लिहायला जागा उरली नसावी.

कॉलेजने दहावीचं आणि पीयूसीचं, म्हणजे बारावीचं, मूळ मार्क्स कार्ड ठेवून घेतलं होतं. मूळ कागदपत्रं अडवून ठेवू नयेत असं यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, 2018 मध्येच सांगितलंय. दुसऱ्या वर्षी तिला घरी आणावं असं माझ्या मनात आलं होतं, पण त्या दोन कागदांना घाबरून आम्ही गप्प बसलो. आणखी एक राहून गेलं. कर्नाटकातल्या सीमाभागातल्या 865 गावांतल्या मराठी मुलांसाठी महाराष्ट्रातल्या प्रवेशांत वेगळी सोय आहे. आमचं गाव त्या यादीत आहे का, हे जाऊन बघायलाही आम्ही उठलो नाही. एजंट म्हणाला "ते सगळं कागदावरच असतंय", आम्ही मान डोलावली.

पोलिसांत गेलो. साहेबांनी पहिलाच प्रश्न केला, "पावती?" 15,000 ची पावती नाही. पगाराच्या आकड्याबद्दल तर ते हसलेच. "अंदाज सांगितला असं म्हणेल की तो."

बहीण कामात हुशार आहे, हे भाऊ म्हणून नाही, तिचे पेशंट सांगतात. क्लिनिक सुटल्यावर स्कूटीवरून शहापूर, टिळकवाडीत घरोघरी जाते, गुडघ्याच्या ऑपरेशनवाल्या आजी-आजोबांना चालवते. एका भेटीचे 300. हप्ता त्यातनं निघतो, पेट्रोल पगारातनं.

गेल्या महिन्यात मामा आपल्या पोरीसाठी तसंच गुळगुळीत माहितीपत्रक घेऊन आला. कोर्स नर्सिंगचा, एजंट तोच. मी उलटून मागची बाजू बघितली. पगाराखाली दोन रेघा होत्या. मामाला तसाच उठवून बहिणीच्या क्लिनिकवर घेऊन गेलो.