धर्मग्रामाची स्टीलची ताटं: 160 पाहुणे आणि तीन टब

धाकटीच्या पहिल्या कम्युनियनला, म्हणजे चर्चमध्ये पहिल्यांदा ख्रिस्तप्रसाद घेण्याच्या सोहळ्याला, मे महिन्यात 160 माणसं जेवली आणि कचऱ्याची एकच पिशवी निघाली. थोरल्याच्या वेळी सहा निघाल्या होत्या. कागदी म्हणून घेतलेल्या त्या ताटांना आतून प्लॅस्टिकचा पापुद्रा होता. रात्री कुत्र्यांनी पिशव्या फाडल्या, सकाळी आम्ही सगळं गोळा करून वाडीच्या कडेला जाळलं. फार लाज वाटते सांगायला, पण जाळलं. म्हणून यंदा वसईतल्या आमच्या धर्मग्रामाच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या हद्दीतल्या, महिला मंडळाकडून स्टीलची ताटं भाड्याने घेतली.

केळीची पानं घरचीच होती, पण उभ्याने जेवणाऱ्याला पान हातात धरता येत नाही.

रविवारी मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, झाल्यावर मंडळाची वही उघडते, तीत नाव घालायचं. ताट, वाटी, पेला, चमचा असा संच 6 रुपयांना, म्हणजे आमचे 960 झाले, अनामत 2,000. ताटं जाड आहेत, कडा हाताला लागत नाहीत, कालवणाचा जुना वास नाही. येतात मात्र प्लॅस्टिकच्या क्रेटमधून, असो. केकसाठी बशा नाहीत, हे आधी कुणी सांगितलं नाही. आम्ही केक टिश्यूवर दिला आणि पोरांनी तो एकमेकांच्या नव्या कपड्यांना पुसला.

ताटं धुऊन परत करायची असतात. इथेच सगळी गंमत आहे.

आम्ही बायकांनी उत्साहात नळ सोडून धुवायला घेतलं आणि अर्ध्या तासात वरची टाकी रिकामी. मग विहिरीवरचा पंप लावला. मे महिन्यात आमच्या विहिरीचं पाणी मचूळ होतं. शेजारचं बावखल, म्हणजे गोड्या पाण्याचं जुनं तळं, बुजल्यापासून जास्तच. सासूबाई वसईचं पाणी आणि हिरवाई वाचवायच्या हरित वसई चळवळीच्या मोर्चांना गेलेल्या, चळवळीचे नेते फादर फ्रान्सिस दिब्रिटोंबरोबर पाण्यासाठी रस्त्यावर उतरलेल्या पिढीतल्या. त्या ओट्यावरून म्हणाल्या, "ज्या पाण्यासाठी आम्ही उन्हात चाललो, तेच उपसून ताटं धुतेस काय गं?"

तोंडात मारल्यासारखं झालं. मग त्यांनीच तीन टब मांडायला लावले. खरकटं आधी हाताने काढून केळीच्या बुडाशी खड्ड्यात. पहिल्या टबाशी राखेने घासायचं, दुसऱ्यात विसळायचं, तिसऱ्यात स्वच्छ पाणी. तिसऱ्यातलं पाणी जुनं झालं की ते दुसऱ्यात ओतायचं. उरलेलं सगळं काम वीसेक बादल्यांत उरकलं आणि राखेचं पाणी केळींना गेलं. हे तीन टब मंडळाने ताटांबरोबरच द्यायला हवेत. नाहीतर प्लॅस्टिक वाचवायच्या नादात विहीर उपसली जाईल.

दुसरी तक्रार जरा वेगळी. पोप फ्रान्सिस यांनी 2015 साली सृष्टीच्या काळजीवर जगभर पत्र लिहिलं. आमच्याकडेही दर वर्षी 1 सप्टेंबर ते 4 ऑक्टोबर सृष्टीसाठी प्रार्थनेचा 'निर्मितीचा काळ' पाळतात. देवाने माणसाला एदेन बागेत मशागत आणि राखण करायला ठेवलं, हे फादर प्रवचनात छान समजावतात. ताटांची कल्पनाही त्यातूनच निघाली. पण दुपारी तीन वाजता त्या राखणीला मी, जाऊ, नणंद आणि सासूबाई. सगळे आदाम मांडवात पंख्याखाली. शेवटी नवऱ्याला आणि दिराला हाका मारून तिसऱ्या टबाशी बसवलं. दिराने पेले बरे धुतले, चमच्यांचं बोलायला नको.

मंडळाला माझी सूचना आहे: वहीत 'धुणार कोण' असा रकाना घाला, आणि त्यात निदान एका पुरुषाचं नाव असल्याशिवाय ताटं देऊ नका. वहीवर बसलेल्या ताई हसल्या, पण त्यांनी ती लिहून घेतली.

पाचपैकी चार तारे. एक केकच्या बशांसाठी कापला. पुढच्या बाप्तिस्म्यालाही हीच ताटं घेणार आहे. नाताळ आणि मे यांतल्या तारखा लवकर जातात, तेव्हा दोन महिने आधी विचारा. आणि चमचे नेताना मोजा, देताना पुन्हा मोजा. आमचे तीन कमी भरले, 25 रुपयांप्रमाणे पैसे भरले. त्यातला एक परवा केळीच्या आळ्यात सापडला.