ग्राइंड शिकण्यासाठी घेतलेली वापरलेली जोडी : आठ महिन्यांनंतरचा अभिप्राय

बूट एका कंपनीचे, चाके धरणाऱ्या फ्रेम दुसऱ्या कंपनीच्या आणि चाके तिसऱ्याच कंपनीची, अशी माझी ॲग्रेसिव्ह इनलाइन स्केट्सची (म्हणजे कसरतींसाठीच्या, एका ओळीत चाके असलेल्या स्केट्सची) जोडी असल्यामुळे तिला एकच एक नाव देता येत नाही. बुटांचे हे मॉडेल आता नवीन मिळत नसल्याने नाव सांगून वाचकांचा फायदाही नाही. नेदरलँड्समधल्या आइंडहोव्हनमध्ये एका विद्यार्थ्याकडून मी ती ७० युरोंना घेतली आणि गेले आठ महिने, आठवड्यातून दोन संध्याकाळी, तिच्यावर ग्राइंड शिकतो आहे. ग्राइंड म्हणजे रेलवर (लोखंडी दांड्यावर) किंवा बॉक्सच्या (लोखंडी कडेच्या बुटक्या ओट्याच्या) कडेवर उडी मारून चढायचे आणि चाके न वापरता फ्रेमच्या मधल्या भागावर किंवा बुटाच्या तळव्यावर घसरत जायचे. माझे वय अडतीस, आणि लहानपणी नाशिकला सोसायटीच्या आवारात चार चाकांचे स्केट्स चालवले होते, एवढेच भांडवल.

या जोडीआधी एका मोठ्या दुकानातून मी ८० मिलिमीटर चाकांचे फिटनेस स्केट्स घेतले होते आणि त्यांवर सगळे काही जमेल, असे विक्रेत्याने छातीठोकपणे सांगितले होते. कालव्याकाठच्या सायकलच्या रस्त्यावर ते सुरेख पळत. पण बॉक्सच्या लोखंडी कडेवर पहिली उडी मारली, तेव्हा मऊ चाके कडेला चिकटली, पाय जागच्या जागी थांबले आणि उरलेला मी पुढे गेलो. सुजलेले कोपर तीन आठवडे शेकावे लागले. फिटनेस स्केट्सच्या फ्रेममध्ये चाके एकमेकांना जवळजवळ खेटून असतात, त्यामुळे कड बसायला मध्ये जागाच नसते, हे त्या वेळी मला कोणी सांगितले नव्हते.

ॲग्रेसिव्ह स्केट्समध्ये आपण पैसे मोजतो ते खरे तर या जागेसाठी. दुसऱ्या आणि तिसऱ्या चाकाच्या मधोमध कठीण प्लॅस्टिकचा एच-ब्लॉक असतो आणि त्याच्या खोबणीत रेल बसते. बुटाच्या तळाला बाहेरच्या बाजूने पुढे आलेली सोल प्लेट असते, तिच्यावरही घसरता येते. माझ्या जोडीत पुढचे-मागचे चाक ६० मिलिमीटरचे आहे आणि मधली दोन त्यांहून बरीच लहान, कडक आणि जमिनीला न टेकणारी आहेत. या रचनेला अँटी-रॉकर म्हणतात. तिच्यामुळे मधली फट आणखी मोकळी होते आणि थोडी चुकीची पडलेली उडीही सांभाळली जाते, म्हणून नवशिक्याने ग्राइंड शिकण्यापुरती तरी हीच रचना घ्यावी, असे माझे मत झाले आहे. त्याची किंमत मोजावी लागते ती खडबडीत रस्त्यावर: दोनच चाकांवर सगळा भार येतो, वेग लवकर मरतो आणि विटांच्या फुटपाथवर दात वाजतात. या जोडीवर स्टेशनपर्यंत जाण्याचा विचार मी दुसऱ्याच दिवशी सोडला.

तीन कंपन्यांचे भाग एकत्र जमतात ते यूएफएसमुळे. बूट आणि फ्रेम दोन बोल्टांनी जोडण्याचे हे सामाईक माप असून रोसेस, रेझर्स, यूएसडी अशा बहुतेक कंपन्यांचे ॲग्रेसिव्ह बूट त्यानुसार बनतात. १९९५ सालच्या पहिल्या एक्स गेम्समध्ये, म्हणजे साहसी खेळांच्या मोठ्या स्पर्धेत, असलेला ॲग्रेसिव्ह स्केटिंगचा प्रकार साधारण दहा वर्षांत त्या स्पर्धेतून वगळला गेला आणि बाजार आक्रसला. तरीही जुन्या बुटाला नवी फ्रेम बसते म्हणून वापरलेल्या जोड्यांचा व्यवहार टिकून आहे. नवी जोडी साधारण २०० युरोंच्या पुढे जाते, हे लक्षात घेतले तर माझा सौदा वाईट म्हणता येणार नाही.

सराव मी एरिया ५१ या बंदिस्त स्केटपार्कमध्ये करतो. फिलिप्सच्या जुन्या कारखान्यांच्या स्ट्राइप-एस या भागात तो आहे आणि विंटरक्लॅश ही ॲग्रेसिव्ह स्केटिंगची नावाजलेली स्पर्धा अनेक वर्षे इथे भरली आहे. नेदरलँड्समधला पाऊस पाहता छप्पर ही चैन नव्हे, गरज आहे. जेमतेम घोट्याएवढ्या उंचीच्या बॉक्सपाशी, शाळकरी मुलांच्या रांगेत, मी उभा असतो.

पहिला ग्राइंड फ्रंटसाइड. कडेच्या समांतर, थोडे अंतर राखून यायचे, उडी मारून नव्वद अंशांत वळायचे आणि दोन्ही पायांचे एच-ब्लॉक एकाच वेळी कडेवर टेकवायचे. वेगाने येण्याआधी मी दोन आठवडे फक्त उभ्याने उडी मारून कडेवर बसत होतो, कारण पाय कुठे टेकतो हे शरीराला आधी कळावे लागते. खोबण कडेवर नीट बसली की पोकळ ‘खट्’ असा आवाज येतो. चाक टेकले तर आवाज बोथट येतो आणि पुढच्या क्षणी आपण खाली असतो. घर्षणामुळे पायांचा वेग कमी होतो, धडाचा मात्र होत नाही, म्हणून वजन मागच्या पायाकडे किंचित झुकलेले ठेवावे लागते आणि नजर बॉक्सच्या शेवटावर. हे मला कळत होते, पण वळत नव्हते. माझी दहा वर्षांची मुलगी कट्ट्यावर बसून प्रत्येक वेळी ओरडायची, “बाबा, परत खाली बघितलंस!” एकोणिसाव्या की विसाव्या प्रयत्नात ती काहीच ओरडली नाही, तेव्हा मी जवळजवळ दीड मीटर घसरलो होतो.

सोल ग्राइंडमध्ये पुढच्या पायाचा एच-ब्लॉक कडेवर आडवा बसतो आणि मागच्या पायाची सोल प्लेट कडेच्या दिशेने टेकते. इथे या जुन्या बुटांनी मला अनपेक्षित मदत केली. आधीच्या मालकाने उजव्या सोल प्लेटमध्ये झिजवून जो उथळ पन्हळ पाडला आहे, त्यात कड आपोआप सापडते. डावी प्लेट जवळजवळ कोरी असल्यामुळे डाव्या पायाने तोच ग्राइंड अजूनही डळमळतो. माकिओ म्हणजे हाच सोलचा पाय एकटा, दुसरा हवेत; तो मला एकदा जमला आणि दोनदा नडगीवर आला. नडगीचे गार्ड, गुडघ्याचे पॅड, मनगटाचे गार्ड आणि हेल्मेट यांवर मिळून जोडीपेक्षा जास्त खर्च झाला आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. नीट घसरता यावे म्हणून कडेला लावतात ते मेण मात्र बेताने लावावे. एकदा हात सैल सुटला आणि माझ्यानंतरचा मुलगा माझ्यापेक्षा वाईट आपटला.

वापरलेली जोडी घेताना फ्रेम उलटी करून पाहावी. एच-ब्लॉक झिजून चाकांच्या आसांचे बोल्ट उघडे पडले असतील, तर फ्रेम बदलण्याचा खर्च धरावा. फ्रेमचे बोल्ट सोडवून पुन्हा आवळून पाहावेत, कारण बुटातील आटे गेले की बूट निकामी होतो. घोट्याच्या कवचाभोवतीच्या तड्यांकडेही लक्ष द्यावे. आतले मऊ बूट दुसऱ्याच्या पायाच्या आकाराचे झालेले असतात आणि त्यांचा वासही काढता येत नाही, त्यामुळे ते नवीनच घ्यावेत. माझे ४५ युरो त्यात गेले.

सध्या माझ्या उजव्या सोल प्लेटवर ज्या जागी कड बसते, तिथे प्लॅस्टिक नखाएवढे पातळ राहिले आहे. नवीन प्लेट मिळते, पण ती कोरी असेल, म्हणून या महिन्यात मी फक्त डाव्या पायाचा सराव करणार आहे.